अर्ली म्युझिकची पदव्युत्तर पदवी: परदेशात जाऊन नेमकं काय शिकायचं असतं?

आर्कांजेलो कोरेल्लीचा ओपस ५, म्हणजे बारा व्हायोलिन सोनाटांचा संच, १७०० साली रोममध्ये छापून निघाला. त्यातल्या एखाद्या संथ भागाचं पान उघडलं तर ते जवळजवळ रिकामं वाटतं. लांब लांब स्वर, मध्ये भरपूर मोकळी जागा, खाली बासची एक ओळ आणि त्या ओळीजवळ काही बारीक आकडे. थोडीफार व्हायोलिन येणारा विद्यार्थीही ते एका बैठकीत वाजवून संपवेल. मग १७१०मध्ये ॲमस्टरडॅमच्या एस्तिएन रोजे या प्रकाशकानं याच सोनाटा पुन्हा छापल्या. या वेळी पहिल्या सहा सोनाटांच्या संथ भागांत व्हायोलिनची आणखी एक ओळ होती. कोरेल्ली स्वतः हे असं वाजवतात, असा प्रकाशकाचा दावा होता. त्या ओळीत एकेका लांब स्वराच्या जागी स्वरांच्या लडीच्या लडी आहेत. स्वर वर झेपावतात, घोटाळतात, बारीक वळणं घेत मूळ जागी परततात.

म्हणजे १७००च्या पानावर होता तो फक्त सांगाडा. रक्तमांस वाजवणाऱ्यानं भरायचं होतं, आणि ते कसं भरायचं हे त्या काळच्या वादकाला सांगावं लागत नव्हतं. आपल्याला मात्र सांगावं लागतं. अर्ली म्युझिकच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात दोन वर्षं काय शिकवतात, असं कुणी विचारलं तर मी ही दोन पानं शेजारीशेजारी ठेवून दाखवीन.

नावातच एक गफलत आहे

‘अर्ली म्युझिक’ म्हणजे जुनं युरोपीय संगीत, हा अर्थ बरोबर आहे पण अपुरा. ढोबळमानानं मध्ययुगापासून १७५०च्या आसपासपर्यंतचं, म्हणजे बाखच्या मृत्यूपर्यंतचं संगीत त्यात धरतात. पण आज याच विभागांतून शिकलेले लोक मोझार्ट, बेथोवेन, अगदी ब्राम्ससुद्धा त्या त्या काळच्या वाद्यांवर वाजवतात. त्यामुळे ही शाखा सालांवरून ओळखण्यापेक्षा पद्धतीवरून ओळखावी. रचना ज्या काळातली, त्या काळची वाद्यं, त्या काळची लिपी, त्या काळचे वाजवण्याचे संकेत समजून घ्यायचे आणि त्या आधारावर आजचं सादरीकरण उभं करायचं. याला ‘हिस्टॉरिकली इन्फॉर्म्ड परफॉर्मन्स’ म्हणतात. अनेक विद्यापीठांत विभागाचं नावच ‘हिस्टॉरिकल परफॉर्मन्स’ असतं, तेव्हा शोधताना दोन्ही नावांनी शोधावं. जर्मन भाषक संस्थांमध्ये ‘आल्टे मुझीक’ असं दिसेल.

हे सगळं नव्यानं शोधावं का लागतं? कारण परंपरा मध्येच तुटली. अठराव्या शतकापर्यंत युरोपातल्या श्रोत्यांना बहुतेक वेळा नवं संगीत हवं असे. रचनाकार गेला की बरेचदा त्याच्या रचनाही मागे पडत. एकोणिसाव्या शतकात सभागृहं मोठी झाली, मोठा आवाज हवासा झाला आणि वाद्यं बदलली. व्हायोलिनची मान मागे कलवून बसवली गेली, तारांवरचा ताण वाढला, धनुकलीचा घाट पालटला. हार्प्सिकॉर्ड या तारा छेडून वाजणाऱ्या कळफलकवाद्याची जागा पियानोनं घेतली. व्हायोला दा गाम्बा हे मांड्यांमध्ये धरून वाजवायचं तंतुवाद्य तर जवळजवळ नाहीसंच झालं. त्याचा शेवटचा मोठा वादक म्हणून ज्याचं नाव घेतात तो कार्ल फ्रीडरिख आबेल १७८७ साली लंडनमध्ये वारला. १८२९मध्ये तरुण मेंडेलसोननं बर्लिनमध्ये बाखचं ‘सेंट मॅथ्यू पॅशन’, म्हणजे ख्रिस्ताच्या अखेरच्या यातनांची गायलेली कथा, पुन्हा सादर केलं तेव्हा जुन्या संगीताकडे लोकांचं लक्ष वळलं खरं, पण ते सादर झालं एकोणिसाव्या शतकाच्या वाद्यांवर आणि त्याच शतकाच्या कानांसाठी.

गुरूकडून शिष्याकडे जाणारी विद्या अशी तुटली की मागे उरतात ते कागद, काही वाद्यं आणि चित्रं. आर्नोल्ड डोल्मेच यांनी इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या सामग्रीवरून वाद्यं पुन्हा घडवायला आणि वाजवायला घेतली. वांडा लांडोव्हस्का यांनी हार्प्सिकॉर्ड पुन्हा मंचावर आणलं. १९३३ साली पाउल साखर यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला ‘स्कोला कांटोरुम बाझिलिएन्सिस’ ही संस्था काढली, आणि वाजवणं व संशोधन एकाच छताखाली आलं. पुढे व्हिएन्नात निकोलाउस हार्नोनकूर, ॲमस्टरडॅममध्ये गुस्ताफ लेओनहार्ट यांच्यासारख्यांनी एक अख्खी पिढी घडवली. आजच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांतले बरेचसे शिक्षक या पिढीचे शिष्य किंवा शिष्यांचे शिष्य आहेत. तुटलेल्या परंपरेच्या जागी आता शंभरेक वर्षांची एक नवी परंपरा तयार झाली आहे. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, त्याच्याकडे पुढे परत येऊ.

वर्गात काय चालतं

पहिला धक्का शरीराला बसतो. बरोक, म्हणजे साधारण १६०० ते १७५० या काळातल्या, व्हायोलिनला हनुवटी टेकवायचा आधार नसतो, कारण तो १८२०च्या आसपास लुडविग श्पोर यांनी आणला. खांद्याखालची गादी नाही. तारा पोलादाच्या किंवा कृत्रिम धाग्याच्या नाहीत. मेंढीच्या आतड्यापासून वळलेली तात असते, आणि हवेतला दमटपणा बदलला की ती उतरते किंवा चढते. वाद्य हनुवटीनं घट्ट पकडता येत नाही म्हटल्यावर डाव्या हाताला वर-खाली सरकण्याची सगळी रीतच बदलावी लागते. धनुकली हलकी, टोकाकडे निमुळती. तिचा स्वर टोकाला आपोआप विरतो. आधुनिक धनुकलीवर एकसलग, न तुटणारा स्वर काढायला वर्षानुवर्षं शिकलेल्या हाताला इथे प्रत्येक स्वर बोलल्यासारखा सुरू होऊन ओसरू द्यावा लागतो. चांगल्या वादकांना सुरुवातीचे काही महिने आपण मागे गेलो असं वाटतं, आणि ते साहजिक आहे.

हार्प्सिकॉर्डची अडचण निराळी. पट्टी जोरात दाबली काय आणि हळू दाबली काय, तार छेडली जाते ती जवळपास त्याच आवाजात. मग एखाद्या स्वराला वजन कसं द्यायचं? वेळेनं. तो स्वर किंचित उशिरा घ्यायचा, आधीचा स्वर थोडा आधी सोडून मध्ये बारीकशी शांतता ठेवायची, किंवा पट्ट्या एकदम न दाबता एकामागोमाग ओघळवायच्या. ऐकणाऱ्याला तो स्वर मोठा ‘वाटतो’. ही किमया हाताशी येईपर्यंत हे वाद्य रुक्ष वाटतं, आल्यावर त्याच्याइतकं बोलकं दुसरं नाही असं माझं ठाम मत आहे.

दुसरा भाग लिपीचा. आजच्या छापील आवृत्तीत संपादकानं बरंच काही ठरवून दिलेलं असतं. इथे विद्यार्थ्यांना मूळ हस्तलिखिताची किंवा जुन्या छापील पुस्तकाची जशीच्या तशी प्रत हातात देतात. ओत्ताव्हियानो पेत्रुच्ची यांनी १५०१ साली व्हेनिसमध्ये बहुस्वरी संगीताचं पहिलं छापील पुस्तक काढलं. त्या आणि त्यानंतरच्या अनेक पुस्तकांत चौघांचे आवाज एकाखाली एक मांडलेले नसतात, प्रत्येकाचा भाग वेगळा असतो. मापाच्या उभ्या रेघा नसतात. एखादा स्वर दोन मात्रांचा की तीन मात्रांचा, हे काही वेळा त्याच्या शेजारी कोणता स्वर आहे यावर ठरतं. असं चौघांनी मिळून गायचं तर कागदावर दुसऱ्याचं दिसत नसल्यामुळे कानानंच एकमेकांना धरून राहावं लागतं. कुणी चुकलं तर सगळे मिळून शोधतात. या शिक्षणातला सगळ्यात आनंदाचा तास हाच, असं हे करून पाहिलेले बरेच जण सांगतील.

मघाशी कोरेल्लीच्या पानावर बासजवळचे आकडे आले. त्यांना फिगर्ड बास म्हणतात, आणि त्यावरून साथ करण्याला ‘बासो कंटिन्युओ’. हार्प्सिकॉर्ड, ऑर्गन किंवा थिऑर्बो हे लांब मानेचं ल्यूटच्या कुळातलं वाद्य वाजवणाऱ्याला फक्त खालचा स्वर आणि आकडे दिलेले असतात. वरचा स्वरमेळ त्यानं तिथल्या तिथे रचायचा. एकट्या गायिकेमागे किती विरळ वाजवायचं, मोठ्या समूहात किती भरायचं, फ्रेंच रचनेत आणि इटालियन रचनेत काय वेगळं करायचं, हे सगळं त्याच्या विवेकावर. कळफलक आणि ल्यूट कुळातल्या वाद्यांच्या विद्यार्थ्यांना हे अनिवार्य असतंच, पण अनेक संस्थांत इतरांनाही थोडंफार शिकावं लागतं. नोकरीच्या दृष्टीनंही सांगतो, चांगला कंटिन्युओ वाजवणारा माणूस सहसा रिकामा बसत नाही.

स्वर लावण्याची गोष्ट

हा विषय बहुतेक लेखांत दोन वाक्यांत उरकतात. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून थोडा थांबतो.

आज जगभर ‘ए’ हा स्वर ४४० हर्ट्झला लावतात. हा संकेत विसाव्या शतकातला. त्याआधी शहरागणिक, कधी कधी एकाच शहरात चर्च आणि राजदरबार यांची पट्टी वेगळी असे. आजच्या अर्ली म्युझिक मंडळींनी सोयीसाठी काही थांबे ठरवले आहेत. बरोक संगीतासाठी बहुधा ४१५, जे ४४०पेक्षा बरोबर अर्ध्या स्वरानं खाली येतं. फ्रेंच बरोकसाठी ३९२, मोझार्टच्या काळासाठी ४३०, आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या व्हेनिससारख्या ठिकाणच्या संगीतासाठी ४६५. ज्याचा कान एकाच पट्टीत पक्का बसला आहे त्याला हे बदल सोसायला वेळ लागतो.

पट्टीपेक्षा खोल प्रश्न सप्तकाच्या आतल्या अंतरांचा आहे. तंबोरा नीट जुळला की षड्जाच्या तारेतून आपोआप एक शांत गंधार ऐकू येतो. तो नैसर्गिक गंधार. आजच्या पियानोवर सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात आणि त्यातला गंधार या नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. सेंट म्हणजे पियानोवरच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. रोज पियानो ऐकणाऱ्याला तो चढेपणा जाणवत नाही.

सोळाव्या-सतराव्या शतकातल्या कळफलकांवर ‘मीनटोन’ ही पद्धत फार चाले. तिच्या सर्वांत प्रसिद्ध प्रकारात पंचम जरा उतरे ठेवून बरेचसे गंधार शुद्ध राखले जातात. त्यामुळे ठरावीक स्वरमेळ अत्यंत निर्मळ लागतात, इतके की पहिल्यांदा ऐकताना खोली उजळल्यासारखी वाटते. याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. एका जागी पंचम इतका रुंद होतो की तो अक्षरशः गुरगुरतो. त्याला ‘वुल्फ’ म्हणतात. ‘जी शार्प’ आणि ‘ए फ्लॅट’ हे पियानोवर एकाच काळ्या पट्टीवरचे स्वर इथे दोन वेगळे स्वर होतात, आणि त्यांच्यातलं अंतर सुमारे ४१ सेंट असतं. काही जुन्या वाद्यांवर तर काळी पट्टी चिरून तिचे दोन भाग केलेले आढळतात, दोन्ही स्वर मिळावेत म्हणून.

हे का शिकायचं? कारण रचनाकाराला ही अंतरं ठाऊक होती. अमुक ठिकाणी स्वरमेळ खरखरीत लागणार आणि पुढच्याच क्षणी निवळणार, हे त्याच्या हिशेबात होतं. बारा समान भागांवर वाजवलं की खरखरही गुळगुळीत होते आणि निवळणंही. विद्यार्थी हार्प्सिकॉर्ड स्वतः लावायला शिकतात, गायक आणि वादक त्या गंधाराशी जुळवून घ्यायला शिकतात. दोन वर्षांत दुसरं काही नाही आणि एवढंच कानात बसलं, तरी जाणं वाया गेलं नाही असं मी म्हणेन.

पुस्तकं भांडतात तेव्हा

तुटलेल्या परंपरेत गुरूची जागा त्या काळच्या ग्रंथांना द्यावी लागते. बासरीवर योहान योआखिम क्वांट्झ यांचा १७५२चा ग्रंथ, कळफलकावर सी. पी. ई. बाख (थोरल्या बाखचे चिरंजीव) यांचा १७५३चा, व्हायोलिनवर लेओपोल्ड मोझार्ट (प्रसिद्ध मोझार्टचे वडील) यांचा १७५६चा, हे तर रोजच्या वाचनातले. पण हे गुरू आपसांत सहमत नाहीत. व्हायोलिनवर स्वर थरथरवायचा का, याबद्दल जेमिनियानी १७५१मध्ये सांगतात की जितका जमेल तितका वापरावा. लेओपोल्ड मोझार्ट पाचच वर्षांनी म्हणतात की काही लोक प्रत्येक स्वरावर असे थरथरतात की जणू त्यांना कायमचा ताप आहे. मग कुणाचं ऐकायचं? जेमिनियानी इटालियन, लंडन आणि डब्लिनमध्ये काम केलेले. लेओपोल्ड मोझार्ट साल्झबुर्गच्या दरबारात नोकरीला. कोण कुठे, कुणासाठी लिहितो आहे, ते रूढ गोष्ट सांगतो आहे की तिच्याविरुद्ध तक्रार करतो आहे, हे वाचायला शिकणं म्हणजेच पदव्युत्तर पातळी. एखाद्या गोष्टीची तक्रार छापून आली, म्हणजे ती गोष्ट सर्रास चालू होती, हेही त्यातूनच कळतं.

संशोधनानं सादरीकरण कसं उलटंपालटं होतं याचं माझ्या दृष्टीनं सर्वांत चांगलं उदाहरण म्हणजे बाखच्या गायकवृंदाचा वाद. बाखनं ऑगस्ट १७३०मध्ये लाइपझिगच्या नगरपरिषदेला एक निवेदन दिलं. त्यात प्रत्येक गायकवृंदात निदान बारा गायक असावेत, सोळा असतील तर आणखी बरं, असं म्हटलं होतं. यावरून प्रत्येक आवाजाला तीन-चार गायक असणार असं सगळे धरून चालले होते. १९८१मध्ये जोशुआ रिफकिन यांनी वेगळाच पुरावा पुढे केला. बाखच्या गायकांसाठी लिहिलेल्या ज्या प्रती शिल्लक आहेत, त्या बहुधा आवाजामागे एकेकच आहेत. तीन जण एकाच कागदावरून वाचत होते असं मानायला आधार काय? निवेदनातले बारा म्हणजे एका वेळी गाणारे नव्हेत, आजारपण आणि इतर कामं धरून हाताशी असावेत असे गायक, असा त्यांचा युक्तिवाद. पुढच्या वर्षी त्यांनी बाखचं ‘मास इन बी मायनर’ आवाजामागे एकच गायक घेऊन ध्वनिमुद्रित केलं. खडाजंगी झाली, आणि वाद अजून संपलेला नाही. पण आज दोन्ही पद्धतींनी बाख ऐकायला मिळतो, आणि ऐकणाऱ्याला फरक कळतो.

याच सुमारास रिचर्ड टारुस्किन या अभ्यासकानं मुळावरच घाव घातला. तुम्ही ज्याला अस्सल जुनं म्हणता ते खरं तर विसाव्या शतकाचीच आवड आहे, असं त्यांचं म्हणणं. चपळ लय, कोरडी स्पष्टता, भावनेचा संकोच, हे सगळं आधुनिक आहे. त्याला जुन्याचं नाव दिलं एवढंच. ही टीका झोंबली, आणि तिचा उपयोगही झाला. ‘अस्सल’ हा शब्द आता जबाबदार शिक्षक वापरत नाहीत. मघाशी नव्या परंपरेबद्दल म्हटलं ते यासाठी. शिक्षक जे सांगतात त्यातलं किती पुराव्यातून आलं आणि किती त्यांच्या शिक्षकाच्या सवयीतून, हे विचारायचा हक्क विद्यार्थ्याला आहे. चांगला शिक्षक या प्रश्नावर चिडत नाही.

कुठे जायचं

संस्थांच्या क्रमवारीवर मी फारसा विसंबत नाही. तुम्हाला कोणत्या शतकात राहायचं आहे हे आधी ठरवा. मध्ययुगीन संगीत हा मुख्य विषय म्हणून घ्यायचा असेल तर पर्याय मोजके आहेत आणि बाझेल त्यात पहिलं. बरोक वाद्यवादनासाठी हेगचं रॉयल कॉन्झर्व्हेटरी आणि ॲमस्टरडॅमचं कॉन्झर्व्हेटरी या जुन्या जागा आहेत. फ्रान्स ब्रुखेन आणि कौकेन बंधूंनी हेगमध्ये, लेओनहार्ट यांनी ॲमस्टरडॅममध्ये शिकवलं. जर्मनीत ब्रेमेन, फ्रँकफर्ट, ट्रोसिंगेन. फ्रान्समध्ये पॅरिस आणि लिओं. लंडनमध्ये रॉयल ॲकॅडमी, रॉयल कॉलेज आणि गिल्डहॉल. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात १९८०च्या सुमारापासून स्वतंत्र संस्था आहे, न्यूयॉर्कच्या जुलियार्डनं २००९मध्ये विभाग सुरू केला. ही यादी पूर्ण नाही.

त्यातही संस्थेपेक्षा शिक्षक मोठा. मुख्य वाद्याचा तास आठवड्यातून एकदा, एकास एक असतो, आणि बाकी सगळं त्याभोवती फिरतं. म्हणून अर्जाच्या वर्षभर आधी त्या शिक्षकाला पत्र लिहून एक तास मागावा. उन्हाळी शिबिरात गाठ पडली तर उत्तमच. एका तासात कळतं की हा माणूस आपल्याला ऐकतो आहे की स्वतःचीच नक्कल करायला लावतो आहे.

युरोपातली मास्टर्स बहुधा दोन वर्षांची, १२० ईसीटीएस (युरोपातली सामायिक पद्धत) श्रेयांकांची असते. एक श्रेयांक म्हणजे पंचवीस ते तीस तासांचं काम. ब्रिटनमध्ये एक वर्षाचे अभ्यासक्रमही आहेत. वाद्यच बदलायचं असेल तर एक वर्ष फार अपुरं पडतं असं माझं मत. नेदरलँड्समध्ये इंग्रजीवर भागतं. जर्मनीत आणि फ्रान्समध्ये स्थानिक भाषेच्या दाखल्याची अट बहुतेक ठिकाणी असते, आणि अट नसली तरी भाषा शिकावीच, कारण ग्रंथ त्याच भाषांत आहेत आणि गायकांना तर सुटकाच नाही. हेगसारख्या संस्थेत सादरीकरणाबरोबर स्वतःचा संशोधन प्रकल्प पूर्ण करावा लागतो. तेव्हा जाताना एक प्रश्न बरोबर असू द्या. ‘बरोक संगीताचा अभ्यास’ हा प्रश्न नव्हे. ‘१७१०च्या त्या कोरेल्ली आवृत्तीतल्या लडी इतर वादकांनी लिहून ठेवलेल्या लडींपेक्षा कशा वेगळ्या आहेत’ हा प्रश्न.

प्रवेशपरीक्षेत आधी चित्रफीत मागवतात, मग बहुधा प्रत्यक्ष बोलावतात. वेगवेगळ्या देशांच्या शैलीतल्या रचना, पाहताक्षणी वाचन, कळफलकवाल्यांना कंटिन्युओ आणि शेवटी बोलणं. आधुनिक वाद्यावरून येणाऱ्यांना काही विभाग घेतात, पण मूळ हात भक्कम असावा लागतो. सफाईपेक्षा समज पाहतात, हे अर्धसत्य आहे. दोन्ही पाहतात.

पैसा, परवाने आणि पुढचं आयुष्य

जर्मनीतल्या बहुतेक राज्यांत सरकारी संगीत विद्यालयांत शिकवणी शुल्क नाही, फक्त सत्राचं किरकोळ शुल्क भरावं लागतं. बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्य मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १५०० युरो घेतं, आणि ट्रोसिंगेन त्याच राज्यात आहे. व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाची रक्कम गोठवलेल्या खात्यात दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४पासून ती ११,९०४ युरो आहे. डीएएडी या जर्मन शैक्षणिक विनिमय संस्थेच्या शिष्यवृत्त्यांत संगीतासाठी वेगळा मार्ग आहे. नेदरलँड्समध्ये आणि ब्रिटनमध्ये बाहेरच्यांचं शुल्क स्थानिकांच्या कितीतरी पट असतं.

एक नियम फार जणांना उशिरा कळतो. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर सत्रात आठवड्याला वीस तास काम करता येतं, पण स्वतंत्र व्यवसाय करता येत नाही आणि व्यावसायिक कलावंत म्हणून कामही करता येत नाही. म्हणजे पैसे घेऊन कार्यक्रमात वाजवणं बंद. जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस काम चालतं, पण स्वतंत्रपणे बिदागी घेऊन वाजवायचं तर परदेशी नागरिक कार्यालयाची वेगळी परवानगी लागते. संगीतकाराची कमाई मुळातच अशी स्वतंत्र असते, म्हणून पहिलं आमंत्रण स्वीकारण्याआधी हे तपासा.

हार्प्सिकॉर्ड विकत घ्यावं लागत नाही, सरावाला संस्थेत असतात. व्हायोलिन, गाम्बा, बासरीवाल्यांनी प्रवेश मिळताच वाद्य उसनं मिळतं का ते विचारावं. अनेक संस्था देतात. घाईनं विकत घेऊ नये. शिक्षकाच्या सल्ल्यानंतर निवड हमखास बदलते. जुनं वाद्य किंवा धनुकली घेऊन सीमा ओलांडणार असाल तर त्यात हस्तिदंत, कासवाचं कवच किंवा ब्राझिलियन रोझवूड नाही ना, हे पाहा. असेल तर सायटीस या संकटग्रस्त प्रजातींच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराखालचं प्रमाणपत्र लागतं, नाहीतर वाद्य जप्त होऊ शकतं.

पुढे काय? पगारी जागा जवळपास नाहीत. जुन्या काळच्या वाद्यांचे बहुतेक समूह कार्यक्रमापुरते एकत्र येतात. दहा दिवस सराव आणि दौरा, मग पुढचं काम दुसऱ्या शहरात. म्हणून ही मंडळी रेल्वेनं जोडलेल्या पट्ट्यात राहतात: ॲमस्टरडॅम, कोलोन, ब्रुसेल्स, पॅरिस, बाझेल. कामाला ऋतू असतात. नेदरलँड्समध्ये ईस्टरच्या आधीच्या आठवड्यांत गावोगावी ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ होतं; नार्डनच्या चर्चमध्ये नेदरलँड्स बाख सोसायटी ते १९२२पासून करत आली आहे. त्या काळात तिथल्या वादकाला श्वास घ्यायला फुरसत नसते, आणि त्या कमाईवर पुढचे मंद महिने निघतात. शिकवणं, वाद्य लावून देणं, प्रती संपादित करणं ही जोडीची कामं.

युरोपाबाहेरून आलेल्याच्या मनात एक शंका असते: हे संगीत आपलं नाही, आपल्याला ते कधी पुरतं येईल का? मासाआकी सुझुकी जपानमधून ॲमस्टरडॅमला गेले, टोन कोपमन यांच्याकडे शिकले, १९९०मध्ये मायदेशी बाख कलेजियम जपान काढलं आणि बाखच्या चर्चसाठीच्या सगळ्या कँटाटा, म्हणजे गायक आणि वाद्यांसाठीच्या अनेक भागांच्या रचना, ध्वनिमुद्रित केल्या. ते काम २०१३मध्ये पुरं झालं. आज बाखच्या जाणकारांत त्यांचं नाव आदरानं घेतात. आणि नीट पाहिलं तर १७००ची भाषा त्या वर्गातल्या कुणाचीच मातृभाषा नाही. इटालियन विद्यार्थ्याच्या घरीही मीनटोन ऐकू येत नाही, फ्रेंच मुलीलाही फ्रेंच बरोकचे स्वर असमान लांबीचे वाजवायला शिकावंच लागतं. सगळे परकेच असतात, म्हणून सगळ्यांना ऐकून शिकावं लागतं.

अर्ज करण्याआधी एक गोष्ट घरी करून पाहता येते. कोरेल्लीच्या ओपस ५ची १७००ची आणि १७१०ची आवृत्ती, दोन्हींच्या मूळ पानांच्या प्रती आंतरजालावर मोफत मिळतात. तिसऱ्या सोनाटाचा पहिला संथ भाग घ्या. आधी साधी ओळ वाजवा किंवा गा, पुष्कळ दिवस, बासवाल्या सोबत्याला घेऊन. मग १७१०ची ओळ शिका. मग दोन्ही पानं बाजूला ठेवून तिसरी ओळ स्वतः लिहा. ती बहुधा फसेल. कुठे फसली आणि का, हे लिहून काढा आणि शिक्षकाला पहिलं पत्र पाठवाल तेव्हा ते सोबत जोडा.